नवरा दरवर्षी भ्रूण जपायचे पैसे भरतो, पण पुढच्या सहीला नाही म्हणतो

काठावरची

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय. हा आयडी याच धाग्यासाठी घेतला, कारण जे लिहायचंय ते ओळखीच्या कुणापुढे बोलता येत नाही. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

शिरोळ तालुक्यात आमचं गाव. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा, चारही नद्यांचं पाणी या तालुक्यात येतं, त्यामुळे पूर आम्हाला नवा नाही. थोडा ऊस आहे, चार म्हशी आहेत. मी जयसिंगपूरला शाळेत शिकवते. लग्न २०१२ला झालं. मी ३८ची, नवरा ४२चा. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते.

२०१६ साली तपासण्या केल्या. माझ्यात काही निघालं नाही. त्याच्या रिपोर्टात शुक्राणूंचा काउंट फारच कमी आला. दवाखान्यासमोर उसाच्या रसाचा गाडा होता. तिथे बाकड्यावर बसून त्यानं तो कागद चार घड्या घालून पाकिटात ठेवला आणि म्हणाला, "घरात नगो सांगूस." मी नाही सांगितलं. आजतागायत नाही. आत्यांनी नृसिंहवाडीला नवस बोलले, माझ्या पत्रिका दाखवल्या, गावातल्या बायकांनी हळदीकुंकवाला मला गाळलं, तरी नाही.

दोन आययूआय (नवऱ्याचं बीज नळीनं गर्भाशयात सोडतात ते) फुकट गेल्यावर २०१९च्या जुलैअखेरीस पहिलं आयव्हीएफ सुरू केलं, म्हणजे अंडी बाहेर काढून भ्रूण तयार करायचा आणि मग आत सोडायचा. रोज संध्याकाळी पोटात इंजेक्शन. ३ ऑगस्टच्या शनिवारी कोल्हापुरात सोनोग्राफी झाली, डॉक्टर म्हणाल्या अंडी छान वाढतायत, मंगळवारी परत या. मंगळवार उजाडलाच नाही. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असते, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. आमच्याकडून कोल्हापूरला जायला एकही रस्ता उरला नाही. वीज गेली, फ्रिज बंद. मी उरलेली इंजेक्शनं थर्मासात ठेवली, खाली बर्फ, आणि बर्फाला चिकटू नयेत म्हणून आत्यांच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली.

७ तारखेला बोट आली तेव्हा अंगणात छातीभर पाणी होतं. बोटीत आम्हा तिघांनाही जागा होती. नवरा म्हणाला, "तू आणि आई हो फुडं. मी म्हशी सोडून येत न्हाई." मी म्हटलं, तुम्ही पण चला, मला कोल्हापूरला जायचंय, कसंही करून जायचंय. तो गोठ्याकडे बघत राहिला. बोट वळली. माझ्या मांडीवर थर्मास.

जयसिंगपुरात एका शाळेत छावणी होती. मुलींच्या स्वच्छतागृहात मोबाइलचा उजेड धरून मी स्वतःच इंजेक्शन घेतलं. ८ तारखेला पलूस तालुक्यात ब्रम्हनाळला पुरातल्या लोकांना नेणारी बोट उलटल्याची बातमी आली. नवऱ्याचा फोन लागत नव्हता. तो जिवंत असू दे म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते आणि त्याच वेळी त्याच्यावर इतकी चिडले होते की ते शब्दात येत नाही. ९ला डॉक्टरांशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, आता अंडी काढायला वेळेत पोचता येणार नाही, इंजेक्शनं बंद करा, पोट फुगलं, दम लागला तर जवळचा दवाखाना गाठा.

१२ला नवरा छावणीत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे आत गेलेले. मी सांगितलं, "सगळं थांबलं." तो म्हणाला, "बरं."

एवढंच. "बरं."

नंतर तलाठी पंचनाम्याला आले. आत्यांनी एकेक सांगितलं: दोन पोती शाळू, गाद्या, शिलाई मशीन, पितळी हंडा. अनुदान दहा हजार, त्यातले पाच हजार रोख हातात मिळाले. माझ्या इंजेक्शनांचेच सत्तर हजार गेले होते. ते कुणाला सांगणार? नवरा शेजारी उभा होता, त्यानंही तोंड उघडलं नाही.

पुढे कोरोना. डिसेंबर २०२०ला पुन्हा केलं, तीन भ्रूण तयार झाले. फेब्रुवारीत दोन आत सोडले. एक रुजला, आठव्या आठवड्यात ठोके थांबले. त्याच जुलैत परत पूर आला. तेव्हा मात्र नवऱ्यानं पाणी वेशीला लागायच्या आधीच म्हशी हलवल्या, आम्हालाही हलवलं.

तिसरा भ्रूण कोल्हापुरात गोठवलेला आहे. दरवर्षी तो ठेवायचे पैसे भरावे लागतात. ते नवरा स्वतः भरतो, दुधाचं बिल आलं की त्यातून आधी हे. मला आठवण करावी लागत नाही. पावती सातबाऱ्याच्या फाइलीत लावतो. पण तो आत सोडायचा विषय काढला की "आत्ता नगो." चार वर्षं हेच. संमतीच्या कागदावर त्याची सही लागते आणि तो करत नाही.

त्याच्या मनात काय आहे? मूल नको असेल तर पैसे का भरतो? आणि मी त्याला त्या बोटीबद्दल माफ करायचं कसं? सहा वर्षं झाली, तोंडावर कधी विचारलेलं नाही.

---

ऊसपट्टा

ताई, वाईट वाटलं वाचून. पण तुमच्या नवऱ्याची बाजू एक शेतकरी म्हणून मांडतो, राग मानू नका. चांगली दुभती म्हैस घ्यायची तर लाखाच्या घरात जाते. पुरात जनावर दाव्याला बांधलेलं राहिलं तर जागेवर मरतं, सोडलं तर कुठं लागेल भरवसा नाही. दोन वेळा धार निघाली नाही तर कास दगडासारखी होते. आणि वाहून गेलेल्या जनावराचा पुरावा पंचनाम्याला कुठून आणायचा? २०१९ला आमच्या गावात निम्मे गडी याच कारणानं मागं राहिले. मीही राहिलो. पत्र्यावर बसून रात्र काढली. बायकापोरांवर माया नव्हती म्हणून नाही.

अबोलीची वेणी

ऊसपट्टा, तिला म्हशीची किंमत माहीत आहे. ती विचारतेय तिची किंमत किती होती ते. इतकी वर्षं दुसऱ्याच्या रिपोर्टाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेऊन ती गावभर वांझ म्हणवून घेत होती, आणि बोटीत जागा असताना हा माणूस चढला नाही. काठावरची, तुम्ही फार सहन केलंत. मी तुमच्या जागी असते तर त्या छावणीतूनच माहेरी गेले असते. आणि आधी सासूला खरं काय ते सांगा. हे गुपित तुमचं नाहीच, त्याचं आहे.

बंधारा

मूळ प्रश्न कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा आहे. २००५, २०१९, २०२१, दर वेळी विसर्गाचा घोळ आणि भोगायचं आपण. पाणी वेळेत सोडलं असतं तर यांची ही वेळ...

व्यवस्थापक

@बंधारा, अलमट्टी आणि धरणांच्या विसर्गावर स्वतंत्र धागा चालू आहे, कृपया तिकडे लिहावे. इथे धागाकर्तीच्या प्रश्नापुरतेच राहू या.

शेवंती

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, याच क्षेत्रात काम करते. तुमची फाइल पाहिलेली नाही, म्हणून सर्वसाधारण माहिती देते.

२०१९चं चक्र थांबवलं ते योग्यच झालं. अंडी पक्व करणारं शेवटचं ट्रिगर इंजेक्शन दिलं की साधारण ३४ ते ३६ तासांत अंडी काढावी लागतात. रस्ता बंद असताना ते देऊन ठेवणं धोक्याचं होतं. थर्मासाची युक्तीही बरोबर होती. यातली बरीच इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, पण गोठली तर वाया जातात, म्हणून ते फडकं महत्त्वाचं. (काही औषधं काही दिवस फ्रिजबाहेर चालतात. इथे आणखी कुणी अशा अडचणीत असेल तर आपल्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगून विचारा, फेकून देऊ नका.)

गोठवलेला भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असतो. ती टाकी विजेवर चालत नाही. नायट्रोजन हळूहळू उडतो, तो वेळोवेळी भरावा लागतो, एवढंच. त्यामुळे वीज गेली म्हणजे भ्रूण गेला असं होत नाही. काळ तिथे थांबलेला असतो. २०२०चा भ्रूण आजही २०२०च्याच वयाचा आहे, म्हणजे तुमचं त्या वेळचं वय धरायचं, आजचं नाही. कायद्यानं तो जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतो.

सहीचं म्हणाल तर या उपचारांसाठीच्या २०२१च्या कायद्याप्रमाणे दोघांची लेखी संमती लागते, आणि भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत दोघांपैकी कुणीही ती मागे घेऊ शकतं. म्हणजे यात दवाखाना तुमच्या बाजूनं काहीच करू शकणार नाही.

आणखी दोन गोष्टी, या तुमच्या नवऱ्यालाही वाचायला द्या. मूल न होण्याचं कारण साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पूर्णपणे किंवा काही अंशी पुरुषाकडे असतं. रोज असे नवरे येतात, बायकोच्या मागे बसतात, फाइल तिच्या हातात असते. आणि आठव्या आठवड्यात जो गर्भ गेला, त्या टप्प्यावर जाणाऱ्या गर्भांमध्ये निम्म्याहून जास्त वेळा गुणसूत्रांची मांडणीच चुकलेली असते. कुणाच्या धावपळीनं, रागानं, पापानं तसं होत नाही.

उंबरठा

दत्तकाचा सल्ला न मागता दिला की किती बोचतो हे मला माहीत आहे, म्हणून फक्त अनुभव लिहिते. आम्हीही दोनदा आयव्हीएफ केलं. तिसऱ्या वेळी मी तयार होते, नवरा नाही. मी त्याला बळंच तयार केलं, तो आला, सह्या केल्या, आणि प्रयत्न फसल्यावर आमचं बोलणंच संपलं. वर्षभर एका घरात दोन भाडेकरू. नंतर केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली, घरी समाजसेविका पाहणीला आल्या, आणि त्यांनी आम्हाला वेगवेगळं बसवून विचारलं, "तुमच्या जोडीदाराला हे का हवंय?" मला नवऱ्याचं उत्तर माहीत नव्हतं. त्या दिवशी रात्री आम्ही पहिल्यांदा बोललो. मुलगी यायला पुढे साडेतीन वर्षं लागली. सही घेण्याआधी त्यांचं "का" ऐका, एवढंच माझं म्हणणं.

येरळाकाठ

बरेच दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो.

मी पलूस तालुक्यातला. ब्रम्हनाळ आमच्यापासून लांब नाही. त्या बोटीत १७ माणसं गेली, त्या दिवसाबद्दल मी काही लिहू शकत नाही, क्षमा करा.

मी लिहितोय ते दुसऱ्या कारणासाठी. माझ्या रिपोर्टात शून्य होतं. कमी नाही, शून्य. आमच्या घरातही ते कुणाला माहीत नव्हतं, आणि बायकोला इंजेक्शनं घेताना बघणं ही माझ्यासाठी रोजची शिक्षा होती. ती "दुखत नाही हो" म्हणायची. ती म्हणाली की मला अजून दुखायचं. त्या काळात मी शेतात नको इतका वेळ घालवायचो. मोटर बिघडलीय, पाणी पाजायचंय, काहीही कारण. बायकोला वाटायचं याला पर्वा नाही.

ताई, तुमच्या नवऱ्याला भ्रूणाबद्दल विचारू नका आणि बोटीबद्दलही विचारू नका. त्या "बरं"बद्दल विचारा. तुम्ही इतकं सगळं लिहिलंत, पण मला वाटतं तुम्ही अडकलाय त्या एका शब्दात.

अबोलीची वेणी

येरळाकाठ, तुमचं वाचून माझा प्रतिसाद थोडा घाईचा झाला असं वाटलं. तरीही सासूबाईंना खरं कळलं पाहिजे या मतावर मी ठाम आहे. फक्त ते काठावरचीनं नाही, त्यांनी सांगावं.

ऊसपट्टा

येरळाकाठ दादा, रामराम. मी वर जे लिहिलं त्यात म्हशींचं खरंच आहे. पण तुमचं वाचल्यावर आठवलं, आमच्यातला एक जण पत्र्यावर बसल्या बसल्या म्हणाला होता, घरात जाण्यापेक्षा हितं बरं हाय. आम्ही हसण्यावारी नेलं होतं.

---

काठावरची

अकरा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही तीन-चार वेळा.

समोरासमोर बसून आम्हाला बोलता येत नाही. म्हणून संध्याकाळी तो धार काढत होता तेव्हा गोठ्यात गेले. म्हशीच्या पलीकडे उभी राहिले, म्हणजे मला त्याची फक्त पाठ आणि हात दिसत होते. विचारलं, "त्या दिवशी मी सगळं थांबलं म्हटल्यावर तुम्ही बरं का म्हणालात?"

त्याचा हात थांबला नाही. बादलीत धारेचा आवाज येत राहिला. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाला, "मला बरंच वाटलं हुतं, म्हणून."

मी काही बोलले नाही. तो सांगत गेला, मध्ये मध्ये थांबून. तुझ्या पोटावर निळे डाग पडले होते, ते माझ्यापायी. तू कूस बदलताना कळ दाबायचीस, मी झोपल्याचं सोंग घ्यायचो. पाणी चढायला लागलं तसं मनात आलं, आता हे थांबतंय, आणि मी नाही थांबवलं, पाण्यानं थांबवलं. सुटलो असं वाटलं. म्हशी म्हशी नुसतं म्हणत होतो. बोटीत तुझ्यासमोर बसून त्या थर्मासाकडं बघत यायची माझी छाती नव्हती.

आणि मग म्हणाला, "फुडं ते ठोकं थांबलं, तवा वाटलं मीच नाट लावला. मनातनं नगो म्हटलं हुतं ना एकदा." म्हणून तिसऱ्याच्या सहीला हात उठत नाही. आणि टाकून द्यायलाही उठत नाही, म्हणून पैसे भरतो.

तुम्हाला वाटेल मी त्याला जवळ घेतलं असेल. नाही घेतलं. मी बादली उचलून घरात आले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. सहा वर्षं मी म्हशींचा राग केला, आणि आता कळलं की त्याला माझं सगळं दिसत होतं. डाग दिसत होते. सोंग घेत होता. मी एकटी आहे असं समजून ज्या रात्री काढल्या, त्या रात्री तो शेजारी जागा होता. याचा राग अजून गेलेला नाही, आणि इथे खोटं लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी शेवंतीताईंचा प्रतिसाद त्याच्या मोबाइलवर पाठवला. गुणसूत्रांबद्दल लिहिलेलं त्यानं वाचलं. कितीदा ते माहीत नाही, पण बांधावर बसून बराच वेळ मान खाली होती. येरळाकाठ, तुमचाही वाचायला दिला. "ह्यो कोण हाय?" म्हणाला. मी म्हटलं, मला माहीत नाही. "भेटला तर बरं झालं असतं," म्हणाला.

शनिवारी सकाळी त्यानं स्वतःहून आत्यांना सांगितलं. मी आत कणिक मळत होते. पाकिटातला तो चार घड्यांचा कागद त्यानं अजून जपून ठेवलाय हे मला तेव्हा कळलं. घड्यांवर फाटलाय. आत्यांना वाचता येत नाही, तरी त्यांच्या हातात दिला. "दोष माज्यात हाय आई. हिच्यात कवाच काय नव्हतं." आत्या काही बोलल्या नाहीत. दिवसभर नाही. दुपारी जेवल्या नाहीत. मला वाटलं आता घरात काय वाढून ठेवलंय देव जाणे.

सही अजून झालेली नाही. डॉक्टरांची वेळ घेतलीय, पुढच्या आठवड्यात दोघं जाणार आहोत, फक्त बोलायला. फाइल त्याच्या हातात देणार आहे.

रात्री मी भांडी लावत होते तेव्हा आत्या चुलीपाशी येऊन बसल्या. कागद अजून त्यांच्या हातातच होता. म्हणाल्या, "ते कोल्हापुरात बर्फात ठेवल्यालं... ते जित्तं असतंय व्हय गं?"

मी हात पुसले, मोबाइल काढला आणि उणे १९६ अंशांपासून सगळं त्यांना वाचून दाखवलं.